थँक्सगिव्हिंगचं आमंत्रण आलंय? अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

पहिल्या वर्षी नोव्हेंबरात ऑफिसमधलं किंवा शेजारचं कुणीतरी विचारतं, "गुरुवारी काय करताय? आमच्याकडे या ना जेवायला." आपण सवयीने म्हणतो, "छे छे, कशाला उगाच त्रास." आपल्याकडे याचा अर्थ 'अजून एकदा म्हणा' असा असतो. इथे तो 'नको' असा होतो. समोरचा माणूस हसून "बरं, सुट्टी छान जावो" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. मिशिगनमधल्या पहिल्या वर्षी मी अगदी हेच केलं होतं. त्या गुरुवारी आम्ही दोघांनी वरणभात खाल्ला आणि सामसूम रस्त्यावरून एक चक्कर मारून आलो. दर घरासमोर पाच-पाच गाड्या, खिडक्यांत दिवे, आणि आम्ही जॅकेटच्या खिशात हात घालून बाहेर.

त्यामुळे पहिली सूचना हीच: आमंत्रण आलं तर त्याच क्षणी हो म्हणा. बाकीचं खाली सांगते.

पहिली पायरी: कॅलेंडर

थँक्सगिव्हिंग हा सुगीनंतर आभार मानायचा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो. शेवटच्या नव्हे, चौथ्या. म्हणजे तारीख २२ ते २८ च्या मध्ये कुठेही पडते. २०२६ मध्ये २६ नोव्हेंबर, २०२७ मध्ये २५. गुरुवारची सुट्टी सरकारी आहे. शुक्रवारची नाही, पण शाळा आणि पुष्कळशी ऑफिसं तो दिवसही देतात, आणि चार दिवस सलग मिळाल्यामुळे सगळा देश एकाच वेळी घरी निघतो. गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबई-गोवा महामार्ग जसा असतो, तसा इथे बुधवारी विमानतळ असतो. परतीचा रविवार तेवढाच वाईट. विमानाचं तिकीट काढायचं असेल तर ऑक्टोबर उजाडायच्या आत काढा. थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी सकाळी उडणारी विमानं त्या मानाने मोकळी असतात.

किराणा मंगळवारपर्यंत आणून ठेवा. गुरुवारी मोठी दुकानं बंद असतात किंवा दुपारीच कडी लावतात. विद्यापीठाच्या वसतिगृहात राहणाऱ्यांनी आपली मेस चालू राहणार का हे आधीच विचारावं. ती बहुतेक बंद असते, आणि हे कळतं ते नेमकं गुरुवारी सकाळी भूक लागल्यावर.

कॅनडात असाल तर तुमचा सण वेगळा. तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो आणि त्याचा इतिहासही निराळा आहे. तिकडे पीक लवकर निघतं, हिवाळाही लवकर येतो.

दुसरी पायरी: गोष्ट, आणि गोष्टीत न सांगितलेलं

यजमानांच्या घरी कुणी तुमची इतिहासाची परीक्षा घेणार नाही. पण तुमचं पोर शाळेतून कागदी पिसांची टोपी घालून येईल तेव्हा त्याला काय सांगायचं, हे ठाऊक असलेलं बरं.

शाळेतली गोष्ट अशी: धर्मासाठी इंग्लंड सोडलेले यात्रेकरू जहाजातून आले, उपाशी मरायला टेकले, तिथल्या मूळ रहिवाशांनी त्यांना शेती शिकवली, पीक आलं, सगळे मिळून जेवले. यात खोटं फारसं नाही. गाळलेलं मात्र पुष्कळ आहे.

१६२० साली मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी आले आणि डिसेंबरात आजच्या मॅसेच्युसेट्समधल्या प्लिमथला उतरले. वसंत येईपर्यंत त्यांतले जवळजवळ निम्मे मेले. ज्या जागी ते उतरले ती साफ केलेली, लागवडीखाली आलेली जमीन होती, कारण तिथे आधी गाव होतं. वाम्पानोआग लोकांचं पटक्सेट. युरोपातून येणाऱ्या जहाजांबरोबर आलेल्या साथीने १६१६ ते १६१९ या काळात ते ओस पाडलं. त्या गावचा तिस्क्वान्टम नावाचा एक माणूस वाचला, कारण तो गावातच नव्हता. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. तिथून तो लंडनला पोचला, इंग्रजी शिकला आणि १६१९ मध्ये मोठ्या खटपटीने घरी परतला, तर घर उरलं नव्हतं. नवख्या इंग्रजांशी त्यांच्याच भाषेत बोलणारा जो माणूस शाळेच्या नाटकात हसतमुख दाखवतात, तो हा.

त्याने त्यांना मका लावायला शिकवलं. आळ्यात बियाण्याबरोबर मासा पुरायचा, खत म्हणून. कोकणात माडाच्या बुडाशी मासळीचं खत घालणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. या भागात मका, घेवडा आणि भोपळा एकाच आळ्यात लावायची रीत होती. घेवडा मक्याच्या ताटावर चढतो आणि जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं खाली पसरून ओल धरतात आणि तण दाबतात. आपल्याकडे ज्वारीत तूर घालतात त्यामागचं शहाणपण हेच.

१६२१ च्या शरदात पीक निघालं तेव्हा पन्नासेक इंग्रज उरले होते. त्यांनी चार माणसं पक्षी मारायला पाठवली आणि जेवणावळ घातली. वाम्पानोआगांचे प्रमुख उसामेक्विन, ज्यांना इंग्रज मॅसासॉइट म्हणत, ते नव्वद माणसं घेऊन आले. त्यांच्या लोकांनी पाच हरणं मारून आणली आणि तीन दिवस खाणंपिणं चाललं. एवढं सगळं एडवर्ड विन्स्लो या वसाहतवाल्याच्या एका पत्रात आहे, तेही जेमतेम एका परिच्छेदात. त्यात 'थँक्सगिव्हिंग' हा शब्द नाही. या पंथाच्या लोकांना तो शब्द प्रार्थनेच्या दिवसासाठी लागायचा, मेजवानीसाठी नाही. आज या पंगतीत मानाची असलेली टर्की (कोंबडीहून बराच मोठा पक्षी) हिचाही उल्लेख त्या परिच्छेदात नाही, नुसते 'पक्षी' आहेत. त्या हंगामात रानटर्की मुबलक होत्या असं विल्यम ब्रॅडफर्ड या गव्हर्नरने मात्र लिहून ठेवलंय. बटाटा आणि रताळी त्या पंगतीत नव्हती, आणि भोपळ्याचा 'पाय' (pie, मैद्याच्या कवचात गोड गर भरलेला पदार्थ) भाजायला ना ओव्हन होता ना मैदा.

पुढचं शाळेत सांगत नाहीत. उसामेक्विन यांनी इंग्रजांशी केलेला तह ते जिवंत असेपर्यंत टिकला. त्यांच्या मुलाच्या, मेटाकॉमच्या काळात जमिनीवरून बिनसलं आणि १६७५-७६ मध्ये मोठं युद्ध झालं. मेटाकॉम मारला गेला आणि त्याचं शिर प्लिमथमध्ये खांबावर वीसपेक्षा जास्त वर्षं टांगलेलं होतं. ज्या गावात बापाने पाच हरणं आणून दिली होती, त्याच गावात.

हे वाचल्यावर जेवायला जायचं की नाही, असा प्रश्न काहींना पडतो. मी जाते. पण १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला न्यू इंग्लंडमधले, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातले, मूळ रहिवासी प्लिमथच्या कोल्स हिलवर जमतात आणि हा दिवस राष्ट्रीय शोकदिन म्हणून पाळतात, हे मी मुलांना सांगते. वाम्पानोआग संपलेले नाहीत, हेही सांगते. मॅशपी आणि अक्विना या त्यांच्या दोन जमातींना आज केंद्र सरकारची मान्यता आहे. पिसांची टोपी तेवढी घरी घालू देत नाही. एक तर ती वाम्पानोआगांची नव्हेच, पश्चिमेकडच्या पठारावरच्या जमातींची आहे.

मग हा राष्ट्रीय सण झाला कधी? १६२१ ची ती जेवणावळ कित्येक पिढ्या विसरल्यासारखी होती. तिला 'पहिलं थँक्सगिव्हिंग' हे नाव चिकटलं ते १८४१ मध्ये, तिचं वर्णन पुन्हा छापताना एका संपादकाने टाकलेल्या तळटीपेमुळे. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये एक गुरुवार आभाराचा दिवस म्हणून जाहीर केला होता, पण तो दरवर्षीचा झाला नाही. न्यू इंग्लंडमधली राज्यं आपापल्या तारखेला सण करायची, दक्षिणेला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

सारा जोसेफा हेल ही स्त्रियांच्या एका मोठ्या मासिकाची संपादक. सगळ्या देशाने एकाच दिवशी हा सण करावा म्हणून ती १८४० च्या दशकापासून राज्यपालांना आणि एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहीत राहिली. सप्टेंबर १८६३ मध्ये तिने लिंकनना लिहिलं, आणि ३ ऑक्टोबरला लिंकन यांची घोषणा निघाली: नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. देश तेव्हा यादवी युद्धात होता आणि गेटिसबर्गच्या लढाईला पुरते चार महिनेही झाले नव्हते. म्हणजे सुगीचा म्हणून आपण जो सण करतो, तो राष्ट्रीय झाला लढाईच्या ऐन मध्यात, घरं एकत्र आणायला. आजही लोक त्या दिवशी शेताबद्दल बोलत नाहीत, कोण कोण घरी आलं याबद्दल बोलतात.

शेवटच्या गुरुवारचा चौथा गुरुवार झाला तो दुकानदारांमुळे. १९३९ मध्ये शेवटचा गुरुवार ३० तारखेला येत होता, नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडत होते. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण आठवडाभर अलीकडे ओढला. निम्म्या राज्यांनी मानलं, निम्म्यांनी नाही. एकाच घरातली दोन भावंडं दोन राज्यांत असली तर त्यांची सुट्टी वेगवेगळ्या गुरुवारी. पंचांगवाल्यांच्या वादात दोन-दोन दिवस सण करणाऱ्या आपल्याला हे फार ओळखीचं वाटावं. शेवटी १९४१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला.

तिसरी पायरी: हो म्हटल्यावर काय विचारायचं

दोन गोष्टी. "काय घेऊन येऊ?" आणि "किती वाजता?"

पहिल्या प्रश्नाला "काही नको, नुसते या" असं उत्तर आलं तरी रिकाम्या हाताने जाऊ नका. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चमत्कारिक असतं. म्हणतात 'डिनर', पण बसतात दुपारी दोन-तीन-चारला. सकाळचा नाश्ता बेताचा ठेवा. सांगितलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचू नका, यजमानीण तेव्हा ओव्हनशी झगडत असते. अर्धा तास उशिराही नको, कारण टर्की कापायची वेळ ठरलेली असते.

खाण्याची पथ्यं आठवडाभर आधी स्पष्ट सांगा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. पुष्कळांच्या मते त्यात मासे चालतात आणि कोंबडीचं पाणी तर मोजतच नाहीत. मांस, मासे, चिकनचा रस्सा, जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं) यांपैकी काय चालत नाही आणि अंडं चालतं का, हे एका निरोपात लिहून टाका. कुणाला राग येत नाही. ऐन पंगतीत विचारण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

चौथी पायरी: न्यायला घारगे

मी बरेच प्रयोग केलेत. पनीर मखनी नेली तर ती टर्कीशेजारी अनोळखी पाहुण्यासारखी बसून राहते. समोसे संपतात, पण ते कुणीही नेतं. माझं उत्तर आता ठरलेलं आहे: लाल भोपळ्याचे घारगे.

त्या टेबलावर भोपळा असतोच, पायच्या रूपात. त्यात दालचिनी, आलं, जायफळ, लवंग. आपल्या घारग्यातही जायफळच. यजमानांना चव ओळखीची वाटते आणि पदार्थ नवा. थंडच खायचे असल्यामुळे त्यांच्या ओव्हनमध्ये जागा मागावी लागत नाही. दूध नाही, अंडं नाही, त्यामुळे त्यांच्याकडची व्हीगन झालेली भाचीसुद्धा खाते.

इथे भोपळा किसत बसायची गरज नाही, डब्यात शिजवलेला गर मिळतो. मात्र डबा नीट वाचून घ्या. एकावर 'प्युरे' लिहिलेलं असतं, शेजारच्या तशाच डब्यावर 'पाय फिलिंग'. दुसऱ्यात साखर आणि मसाला आधीच घातलेला असतो. पहिला घ्या, पंधरा औंसांचा. तो कढईत वाटीभर गुळाबरोबर चांगला आटवा. किसलेल्या भोपळ्यापेक्षा याला पाणी जास्त सुटतं, आणि इथेच बहुतेकांचे घारगे बिघडतात. पळी फिरवल्यावर कढईचा तळ क्षणभर दिसायला लागला की गॅस बंद करा. गार झाल्यावर मीठ, जायफळ, दोन चमचे तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक. पीठ घट्ट भिजवा, पुरीपेक्षा जाड थापा, वर खसखस किंवा तीळ दाबा आणि मध्यम आचेवर तळा. मोठ्या आचेवर गूळ करपतो आणि आत पीठ कच्चं राहतं. तळताना खिडकी उघडा. इथल्या धुराच्या घंटीला आपला स्वयंपाक सोसत नाही.

शक्यतो बुधवारी रात्री करा. दुसऱ्या दिवशी जास्त मऊ लागतात.

एक गंमत सांगते. हा भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. रताळी, बटाटा, मका, मिरची, शेंगदाणा सगळे तिकडचेच. पोर्तुगिजांच्या जहाजांमागोमाग आपल्याकडे आले. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही. म्हणजे आजीची उपासाची खिचडी म्हणजे तूप-जिरं सोडलं तर जवळपास अख्खी अमेरिकन. घारगे घेऊन गेलात तर भोपळ्याला माहेरी नेल्यासारखंच आहे.

पाचवी पायरी: टेबलापाशी

काही घरी जेवणाआधी हात धरून प्रार्थना करतात. हात धरा, मान खाली घाला, आमेन म्हणायचं नसेल तर गप्प राहा. पुरे होतं.

त्यानंतर काही ठिकाणी एकेकाला विचारतात, यंदा कशाबद्दल आभार मानावेसे वाटतात? इथे आपली पंचाईत होते. घरच्या माणसांचे आभार मानायची आपल्याला सवय नाही. आईला 'धन्यवाद' म्हटलं तर ती कपाळाला हात लावून ताप बघेल. त्यामुळे एक वाक्य घरूनच ठरवून जा. भाषण नको, खरी आणि छोटी गोष्ट हवी. माझ्या नवऱ्याची पाळी आली तेव्हा तो गडबडून "हीटर" म्हणाला. टेबल हसलं, आणि एक आजोबा गंभीरपणे म्हणाले की आपणही तेच म्हणणार होतो.

वाढणं म्हणजे भांडी हातोहात फिरतात, घेणाऱ्याने आपलं आपण घ्यायचं. आग्रह नाही. "अजून घ्या" एकदा विचारतील, "नको" म्हणालात की भांडं पुढे गेलं. पोटभर जेवायचं असेल तर पहिल्याच फेरीला हो म्हणा.

शाकाहारी मंडळींनी कशाकडे बघून खावं:

स्टफिंग म्हणजे पावाचे मसालेदार तुकडे. दिसायला निरुपद्रवी, पण ते एक तर टर्कीच्या पोटात भाजलेले असतात नाहीतर चिकनच्या रश्श्यात भिजवलेले. ग्रेव्ही टर्कीच्याच रसाची. हिरव्या घेवड्याचा कॅसरोल मशरूम सूपमध्ये करतात, एका सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात १९५५ मध्ये जन्मलेला पदार्थ आहे तो. बहुधा चालतो, फक्त वर बेकनचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे, तुकडे नाहीत ना ते बघा. रताळ्यांवर मार्शमेलोचा पांढरा थर असेल तर त्यात जिलेटिन असतं. पायचं कवच कधीकधी डुकराच्या चरबीत मळलेलं असतं, आणि भोपळ्याच्या पायमध्ये अंडं असतंच. कुस्करलेले बटाटे, क्रॅनबेरीची चटणी आणि कणसं बेधडक घ्या. क्रॅनबेरी नुसती साखरेत शिजवलेली असते. आंबट-गोड-तुरट, करवंदाच्या मुरंब्याची आठवण येते. काही घरांत ती डब्यातून काढून, डब्याच्या वळ्यांसकट, आडवी कापून वाढतात. हसू नका, त्यावर त्यांचं फार प्रेम असतं.

उपासवाल्यांसाठी थोडं वेगळं. हा सण कायम गुरुवारी, आणि दत्ताचा, साईबाबांचा किंवा स्वामींचा गुरुवार धरणारे आपल्यात थोडे नाहीत. त्यातून मार्गशीर्ष. २०२२ मध्ये २४ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २७ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंग आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवार एकाच दिवशी आले होते. माझ्या नणंदेने त्यातल्या एका वर्षी सकाळी घट मांडला, दुपारी पंगतीला आली, लोणी घातलेली भाजकी रताळी आणि बटाटे खाल्ले, आणि संध्याकाळी घरी जाऊन महालक्ष्मीची कहाणी वाचून उपास सोडला. बटाट्यांत लसूण नाही ना, एवढं तिने आधी विचारून घेतलं होतं. तिच्या ताटात फळं आणि कंदच बघून यजमानीण हळहळली, पण नणंद त्या दिवशी सगळ्यांत तृप्त होती.

जेवणानंतर सगळे सोफ्यावर आडवे होतात आणि टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लागतो. आमच्या डेट्रॉइट लायन्सचा सामना १९३४ पासून, युद्धातली काही वर्षं सोडली तर, दर थँक्सगिव्हिंगला असतो. नियम समजावून सांगायला एखादे काका तयारच असतात. सांगू द्या. सकाळी न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाची मिरवणूक टीव्हीवर असते, १९२४ पासूनची. मुलांना त्यातले अजस्र फुगे आवडतात. भांडी घासायला मात्र उठा. त्याला कुणी नाही म्हणत नाही.

सहावी पायरी: स्वतःच टर्की करायची असेल तर

आमंत्रण आलं नाही, किंवा तीन-चार मित्रमैत्रिणी मिळून घरीच करणार असाल, तर मांस खाणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा.

माझी पहिली टर्की बारा पौंडांची होती, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. बुधवारी रात्री फ्रीझरमधून खाली काढून फ्रिजमध्ये ठेवली आणि निर्धास्त झोपले. गुरुवारी सकाळी बोट दाबलं तर दगड. पोटात हात घातला तर आत बर्फाची गुहा. ती मग सकाळभर टबात गार पाण्यात पोहत होती, दर अर्ध्या तासाला पाणी बदलायचा गजर लावलेला, आणि पाहुणे चारला येऊन रात्री साडेनऊला जेवले.

हिशेब असा: फ्रिजमध्ये दर चार-पाच पौंडांना एक दिवस. बारा पौंडांना तीन दिवस, म्हणजे सोमवारीच खाली काढायची. गार पाण्यात बुडवून ठेवली तर दर पौंडाला अर्धा तास, वेष्टन न फाडता आणि पाणी बदलत. गरम पाण्यात किंवा ओट्यावर नुसती ठेवून बर्फ सोडवू नका, वरचं मांस खराब होतं आणि आत बर्फ तसाच राहतो. माणशी एक पौंड धरून आणा.

आपल्याकडे कोंबडी धुतल्याशिवाय चैन पडत नाही, पण ही धुऊ नका. शिंतोडे सगळ्या ओट्यावर उडतात, आणि जंतू मरायचे ते ओव्हनमध्येच. पोटातली पुडी काढायला विसरू नका, तिच्यात मान आणि काळीज-पेटा असतो. कातडी सैल करून आत लोणी चोळायचं. आम्ही त्या लोण्यात कांदा-लसूण मसाला कालवतो, कोल्हापूरकडच्या एका मैत्रिणीची ही कल्पना. मीठ आदल्या रात्रीच लावून ठेवा.

३२५ अंश फॅरनहाइटवर बारा पौंडांना तीन तासांच्या वर लागतात. घड्याळावर भरवसा ठेवू नका, दहा-पंधरा डॉलरचं थर्मामीटर घ्या. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न लावता टोचा. १६५ अंश दिसले की झालं. बाहेर काढून वीसेक मिनिटं तशीच राहू द्या, लगेच कापली तर सगळा रस ट्रेत येतो. अॅल्युमिनियमची स्वस्तातली ट्रे वापरणार असाल तर ती खालून उचला, कडेला धरून नाही. या वाक्यामागेही एक कहाणी आहे, ती नको.

शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या आणि तीन-चार दिवसांत संपवा. हाडांचं पाणी काढून त्यात मिरी घातली की डिसेंबरच्या सर्दीवर उतारा. उरलेल्या मांसाचा कांद्यावर परतलेला खिमा ब्रेडला लावून शनिवारी उत्तम लागतो, आणि मला विचाराल तर गुरुवारच्या टर्कीपेक्षा तोच जास्त आवडतो.

सातवी पायरी: शुक्रवार आणि परतीचा डबा

शुक्रवारी सेल असतात. 'ब्लॅक फ्रायडे' हे नाव फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी त्या दिवशीच्या गर्दीला वैतागून पाडलेलं. आता बहुतेक सवलती ऑनलाइन आणि आठवडाभर आधीपासून असतात, पहाटे चारला रांगेत उभं राहण्यात अर्थ उरलेला नाही. थंडीचे बूट आणि मुलांची जॅकेटं तेवढी त्या दिवसात घ्या, खरंच स्वस्त मिळतात.

निघताना यजमानीण तुमच्या हातात डबा देईल, पाय आणि उरलेले बटाटे भरून. हाही नको म्हणायचा नाही. डबा काचेचा असेल तर तो परत द्यायचा असतो, प्लास्टिकचा पातळ असेल तर नाही. काचेचा घासून, पुसून पुढच्या आठवड्यात नेऊन द्या. दिवाळीचा चिवडा उरला असेल तर तो भरून. रिकामा डबा परत करायची पद्धत आपल्याकडे नाही, हे तिला ठाऊक नसतं. दारात उभ्या उभ्याच सांगा.